कचेरीतला समुद्र आणि त्याचा योगक्षेम

मोडलेली वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणे हा आपल्याकडे गुण समजला जातो, आणि तो गुण आहेच. बंद पडलेले घड्याळ चालू करावे, फाटलेल्या पोथीला नवे पुठ्ठे बांधावेत, तडा गेलेल्या पायरीत चुना भरावा. यांत काटकसर आहे, आधीच्या पिढीच्या श्रमांविषयी आदर आहे आणि वस्तूचा अकारण नाश होऊ न देण्याची वृत्तीही आहे. अशा कामाच्या नैतिक बाजूविषयी सहसा कोणी शंका काढीत नाही. परंतु काही वस्तू अशा असतात की त्या दुरुस्त झाल्या म्हणजे काम संपत नाही, तेथून ते सुरू होते. खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी ही अशीच एक वस्तू आहे. तिच्यासंबंधी एका सहकारी पतपेढीच्या मंडळींनी अलीकडे आमचे मत विचारले. वरवर पाहता किरकोळ वाटणाऱ्या या प्रश्नाच्या पोटात बराच मोठा प्रश्न दडलेला आहे असे आम्हांस दिसून आले. म्हणून त्याचा येथे थोड्या विस्ताराने विचार करण्याचे योजिले आहे.

हकीकत थोडक्यात अशी. पतपेढीची ही कचेरी समुद्रापासून कित्येक कोस दूर आहे. जुन्या दप्तरांच्या खोलीत मंडळींना एक काचेची पेटी सापडली. लांबी अडीच फूट, रुंदी एक फूट, उंची सव्वा फूट. पूर्वी एका व्यवस्थापकांनी हौसेने तीत समुद्रातील मासे ठेवले होते. पुढे त्यांची बदली झाली. पेटीच्या तळाशी आता वाळलेली वाळू आहे, शिंपल्यांचा चुरा आहे, पांढऱ्या प्रवाळाचा एक तुकडा आहे आणि काचांवर क्षारांचे थर चढले आहेत. ही पेटी साफसूफ करून बाहेरच्या दालनात मांडावी, तीत चार रंगीत मासे सोडावेत, म्हणजे व्याजाच्या दिवशी तासन् तास बाकावर बसून राहणाऱ्या वृद्ध ठेवीदारांना आणि त्यांच्याबरोबर आलेल्या नातवंडांना विरंगुळा होईल, असा मंडळींचा बेत आहे. हेतू चांगला, खर्चही बेताचा. परंतु सभेत एका लिपिक भगिनींनी प्रश्न केला : “आधीच्या माशांचे काय झाले?” कोणासही उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नामुळेच प्रकरण आमच्यापर्यंत आले.

आपल्या भाषेत ‘योगक्षेम’ असा एक शब्द आहे. आपण तो बहुधा ‘चरितार्थ’ या अर्थी सहज बोलून जातो. पण जुन्या टीकाकारांनी त्याची दोन अंगे निराळी करून दाखविली आहेत : जे आपल्यापाशी नाही ते मिळविणे हा योग, आणि जे मिळाले आहे त्याचे रक्षण करणे हा क्षेम. मनुष्यस्वभाव असा आहे की त्यास योगात उत्साह वाटतो आणि क्षेमात कंटाळा येतो. उद्घाटनास गर्दी होते, देखभालीस एकटा मनुष्य उरतो. सार्वजनिक विहिरी, वाचनालये, व्यायामशाळा यांचा इतिहास पाहिला तर त्या बांधणारांची नावे संगमरवरावर सापडतात. पण त्या राखणारांची नावे क्वचितच कोठे सापडतात. मत्स्यपेटीच्या बाबतीत हा भेद अधिक तीव्र होतो, कारण क्षेमात कसूर झाली तर येथे भिंत पडत नाही किंवा पुस्तकास वाळवी लागत नाही, जीव जातो.

प्रथम योगाची बाजू पाहू. पेटीची दुरुस्ती हे काम कष्टाचे असले तरी अवघड नाही. काचेवरील क्षार व्हिनेगरने भिजवून सुटतात. सांध्यांतील सिलिकॉन जुने होऊन सुटू लागले असेल तर ते खरवडून नवे भरावे लागते आणि पूर्ण सुकू द्यावे लागते. मग पेटी सपाट व भक्कम जागी ठेवून, खाली वर्तमानपत्र पसरून, गोड्या पाण्याने भरावी आणि काही दिवस तशीच राहू द्यावी. ठिपका दिसला तर सांधा पुन्हा पाहावा. जुनी वाळू मात्र टाकून द्यावी हे उत्तम. माशांच्या कातडीवरील रोगांस मोरचूद घालण्याची रीत फार दिवसांची आहे, आणि त्यातील तांब्याचा अंश वाळूत व चुनखडीच्या दगडांत मुरून राहतो. मासे ते काही प्रमाणात सोसतात. खेकडे, गोगलगाई व कोळंबी यांना ते विष ठरते. आधीच्या मालकाने काय उपचार केले होते हे ठाऊक नसता त्या वाळूवर विश्वास ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

पाण्याचेही तसेच. समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. वाळूची जागा वजा जाता या पेटीत सुमारे ७५ लिटर पाणी राहील, म्हणजे अडीच किलोहून अधिक क्षार लागतील. ते स्वयंपाकघरातील मीठ नव्हे. समुद्रात सोडियम व क्लोराइड यांच्याबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि सल्फेट हेही ठराविक प्रमाणात असतात, म्हणून त्याकरिता तयार मिळणारे मिश्रणच घ्यावे लागते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी काढावा लागतो. हे सर्व झाले म्हणजे पेटी भरली, दिवा लागला, पंप सुरू झाला. पाहणारास वाटते की आता मासे आणले की काम पुरे झाले.

खरी अडचण येथे सुरू होते. मासे आपल्या शरीरातील टाकाऊ नत्र मुख्यतः अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतात. समुद्रात तो अफाट पाण्यात विरून जातो. पेटीत तो जाणार कोठे? अमोनिया माशांना घातक आहे. एका जातीचे सूक्ष्म जंतू त्याचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात, पण नायट्राइटही घातकच. दुसऱ्या जातीचे जंतू त्यापासून नायट्रेट बनवितात, ते पुष्कळ सौम्य. आणि तेही साठत गेले म्हणजे पाण्याचा काही भाग बदलून कमी करावे लागते. हे काम करणारे जंतू १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने वेगळे करून दाखविले. ते वाळूच्या कणांवर व दगडांवर वस्ती करतात. ती वस्ती पुरेशी होण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत पेटी पाण्याने भरलेली, दिवा लागलेला आणि आत मासा नाही, अशी ठेवणे प्राप्त आहे.

आता कचेरीची कल्पना करा. उद्घाटनाचा दिवस ठरला आहे, अध्यक्षांस निमंत्रण गेले आहे, आणि पेटीत नुसते पाणी! “चार मासे तरी सोडा, पाहुण्यांना काय दाखवायचे?” असे कोणी तरी म्हणणारच. सोडलेले मासे त्या दिवशी सुरेख दिसतील आणि पुढील पंधरवड्यात एकेक करून मरतील. दुसरे आणता येतील, तेही फार महाग नसतील. पाहुण्यांस काही कळणार नाही. येथे नीतीचा प्रश्न उघड उभा राहतो : ज्याच्या दुःखाचा आवाज होत नाही, ज्याच्या जागी तसाच दुसरा आणून ठेवता येतो, त्याच्याविषयी आपले काही कर्तव्य आहे की नाही? आमच्या मते आहे. आणि तेथेच त्याची कसोटी लागते. बोलू शकणाऱ्याची काळजी आपण पुष्कळदा त्याच्या बोलण्याच्या धाकाने घेतो. मुक्या जिवाशी आपण कसे वागतो यावरून मात्र ती काळजी धाकापोटी आहे की कर्तव्यबुद्धीने, हे समजते.

दुसरी अडचण पेटीच्या लहानपणाची आहे. लहान पेटी म्हणजे थोडे काम, असा सामान्य समज आहे. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. पाणी थोडे असले म्हणजे त्यात होणारा प्रत्येक फेरफार जलद व मोठा होतो. उन्हाळ्यात ७५ लिटरपैकी साडेसात लिटर पाणी उडून गेले असे धरा. उडते ते केवळ पाणी. क्षार आतच राहतात. म्हणजे लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार होते ते जवळजवळ ३९ ग्रॅम होतात. ही तूट गोड्या पाण्याने रोज थोडी थोडी भरून काढावयाची असते. एखाद्याने अजाणता खारे पाणी घातले तर दोष दुणावतो. वीज गेली तर पंप थांबतो आणि पाण्यातील प्राणवायू घटू लागतो. घरात हे कोणाच्या तरी ध्यानात येते. कचेरी मात्र सायंकाळी बंद होते, रविवारी बंद असते, दिवाळीत सलग बंद असते. माशाला सुट्टी नसते. जो जीव आपण बंद खोलीत आणून ठेवला, त्याच्यासाठी ती खोली कोणी तरी उघडली पाहिजे.

कोणी उघडावी? या प्रश्नावर एक जुनी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८४६ साली ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला आणले आणि ते काचेच्या भांड्यात वाढविले. समुद्रापासून दूर, घरात, समुद्री जीव दीर्घ काळ जगविण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात अर्धा-पाऊण तास पुन्हा पुन्हा ओतावे लागे. आणि हे दमविणारे काम बाईंच्या घरची एक लहान वयाची मोलकरीण करीत असे. त्या मुलीचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. प्रवाळ जगले ते बाईंच्या जिज्ञासेमुळे, आणि तितकेच त्या मुलीच्या हातांमुळे.

आपल्या कचेऱ्यांत याहून निराळे काय घडणार आहे? हौस व्यवस्थापकांची, मंजुरी संचालकांची, कौतुक पाहुण्यांचे, आणि रोजचे काम शिपायाचे. ते त्याच्या कामाच्या यादीत लिहिलेले नसेल, त्याबद्दल मोबदला नसेल, त्याचे शिक्षण त्यास कोणी दिलेले नसेल. मासा मेला तर मात्र बोल त्यालाच लागेल. म्हणजे एका जिवावरील उपकाराच्या नावाखाली दुसऱ्या माणसावर अन्याय होईल. “आपण सगळे मिळून पाहू” हे वाक्य सभेत गोड वाटते. परंतु जे सर्वांचे काम ते कोणाचेच नाही हा अनुभव सार्वजनिक जीवनात पडलेल्या प्रत्येकाने घेतला आहे. जबाबदारी एका नावावर असली पाहिजे. आणि ज्याच्या नावावर ती आहे त्यास वेळ, अधिकार व मोबदला हीही मिळाली पाहिजेत.

तिसरी गोष्ट पेटीच्या बाहेरची आहे. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले गेले. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक लिहिले, आणि इंग्लंडात घरोघर समुद्र बाळगण्याची हौस पसरली. गॉस हे श्रद्धाळू गृहस्थ होते; सृष्टीचे सौंदर्य लोकांनी जवळून पाहावे एवढीच त्यांची इच्छा होती. परंतु त्यांचे पुत्र एडमंड गॉस यांनी १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फादर अँड सन’ या पुस्तकात लिहून ठेवले आहे की हौशी लोकांनी किनाऱ्यावरील खडकांतली पाण्याची कुंडे अक्षरशः लुटून नेली, आणि आपण नकळत या नाशाला कारण झालो याचे वडिलांना फार दुःख झाले. समुद्रावर प्रेम करावयास शिकविणारे पुस्तक आणि ओसाड झालेला किनारा, यांचा संबंध विचार करण्यासारखा आहे. केवळ आवड असणे पुरेसे नाही. ती वस्तू कोठून आली हे विचारण्याची सवयही आवडीबरोबर लागली पाहिजे.

आज हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. गोड्या पाण्यातील शोभेचे मासे बहुतेक पाळून वाढविलेले असतात. परंतु समुद्री शोभेच्या माशांपैकी बहुतेक जाती अजूनही समुद्रातून पकडूनच आणल्या जातात. आग्नेय आशियातील प्रवाळभित्तींवर सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याचा प्रकार १९६० नंतरच्या काळात पसरला. त्याने मासे तर दुखावतातच, शिवाय प्रवाळही मरतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळ व समुद्री घोडे यांचा समावेश झाला. तेव्हा पेटी शोभिवंत दिसावी म्हणून बाजारातून प्रवाळाचा तुकडा आणणे हे कायद्याच्याही विरुद्ध आहे. आणि जुन्या पेटीत सापडलेल्या तुकड्याचे काय करावे हे मंडळींनी वनखात्यास विचारूनच ठरवावे. सुदैवाने नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश हा मासा आता बंदिवासात पैदा करता येतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याची रीत आपल्या देशात बसविली आहे. मूळचा तो समुद्रफुलाच्या आसऱ्याने थोड्याच जागेत आयुष्य काढणारा मासा आहे. एखादा लहान जीव अशा पेटीत ठेवणे क्षम्य असेल तर तो हाच, असे आम्हांस वाटते.

येथे काही वाचक हसून म्हणतील की, ज्या कोकणात व गोव्यात मासळीशिवाय जेवण होत नाही, तेथील लोकांनी चार शोभेच्या माशांसाठी इतका काथ्याकूट करावा हे नवलच! आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण दोन्ही गोष्टींत फरक आहे. जो अन्नासाठी मासा मारतो तो त्याच्याशी आयुष्याचा करार करीत नाही; त्याच्या कृत्याचा न्याय भुकेच्या आणि निर्वाहाच्या तराजूत व्हावयाचा. जो मासा पाळतो तो त्याच्या पुढील प्रत्येक दिवसाची हमी घेतो. त्याने माशाचा समुद्र काढून घेतला आणि त्याऐवजी स्वतःला देऊ केले. ही हमी कोणी मागितली नव्हती. ती आपण होऊन दिली, म्हणून ती मोडण्यास सबब उरत नाही. मासळी खाणाऱ्यासही हे पटण्यास हरकत नसावी. दर्यावर जाणारा कोळी पाळलेल्या जनावरास उपाशी ठेवीत नाही.

दुसरा आक्षेप असा की, पेटीत मासा शत्रूंपासून सुरक्षित असतो, वेळेवर अन्न मिळते, समुद्रात जगला असता त्याहून कदाचित जास्तच जगतो. मग त्याचे नुकसान ते काय? क्लाउनफिश बंदिवासात २० वर्षांहून अधिक जगल्याची उदाहरणे आहेत, हे खरे. पण आयुष्याची लांबी हे कल्याणाचे एकच माप नव्हे; आणि हाच आकडा आक्षेप घेणाऱ्यावर उलटतो. वीस वर्षांत किती व्यवस्थापक बदलतील, किती संचालक मंडळे निवडून येतील, कचेरी तरी त्याच इमारतीत असेल काय? आज आणलेला मासा आजच्या मंडळींच्या निवृत्तीनंतरही जिवंत असेल. आपल्यामागून येणाऱ्यांच्या नावे आपण हे वचन लिहीत आहोत, याची जाणीव ठेवूनच सही करावी.

या संदर्भात शतपथब्राह्मणातील मनूची कथा आठवते. सकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत एक लहानसा मासा आला व त्याने रक्षणाची याचना केली. मनूने त्यास प्रथम घटात ठेवले. तो मोठा झाला तेव्हा खड्डा खणून त्यात ठेवले. आणि त्याहून मोठा झाला तेव्हा समुद्रात नेऊन सोडले. पुढे प्रलयात त्याच माशाने मनूची नौका तारली, हा भाग सर्वांस ठाऊक आहे. आमचे लक्ष मात्र मधल्या भागाकडे जाते. मनूने घटाच्या मापाचा मासा शोधला नाही. माशाच्या मापाने पात्र बदलत नेले, आणि शेवटी त्यास सोडूनही दिले. रक्षण म्हणजे काय याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. आपल्या कचेरीत पेटी आधी सापडली आहे आणि आता तिच्यासाठी मासा शोधावयाचा आहे. हा क्रमच उलटा आहे, आणि म्हणून येथे दुप्पट सावधगिरी हवी.

एवढे सर्व म्हटल्यावर पेटी पुन्हा अडगळीत टाकावी असा आमचा सल्ला आहे काय? तसे नाही. समुद्र कधीही न पाहिलेल्या मुलास एखादा चिमुकला खेकडा रिकामा शंख तपासून पाहताना, मग चटकन जुना शंख सोडून नव्यात शिरताना दिसला, तर त्यास जे कुतूहल वाटेल त्याची किंमत कमी नाही. १९५१ साली मुंबईस तारापोरवाला मत्स्यालय उघडले तेव्हापासून किती तरी मुलांनी समुद्राच्या आतले जग प्रथम तेथेच पाहिले असेल. बाकावर ताटकळत बसलेल्या वृद्धाचे मन घटकाभर रमले तर तेही पुण्यच. परंतु हा लाभ घेणारांनी त्याचे मोल स्वतः दिले पाहिजे. माशाने नव्हे, आणि शिपायानेही नव्हे.

तेव्हा आमचे मत असे. मंडळींनी पेटी अवश्य दुरुस्त करावी आणि सहा आठवडे माशांवाचून चालू ठेवावी. या सहा आठवड्यांत रोजचे पाणी कोण घालतो, रविवारी कोण येतो, वीज गेल्यावर कोणास कळते, हे सर्व एका वहीत लिहीत जावे. वहीत रिकाम्या तारखा फार दिसल्या तर मासे आणूच नयेत; त्या पेटीत माती घालून सावलीतील रोपे लावावीत, ती रोपेही दालनास शोभा देतील, आणि कोणाचा जीव टांगणीस लागणार नाही. वही भरलेली दिसली तर जबाबदार व्यक्तीचे व तिच्या बदलीच्या व्यक्तीचे नाव कार्यवृत्तात नोंदवावे, त्यांच्या वेळेचा मोबदला ठरवावा, बंदिवासात वाढलेल्या क्लाउनफिशची एक जोडी आणावी आणि तेवढ्यावर थांबावे. व्यवस्थापकाची बदली होईल त्या दिवशी तिजोरीच्या किल्ल्यांबरोबर पेटीचाही ताबा नव्या माणसास सही घेऊन द्यावा. कचेरी बंद होण्याची वेळ आली तर मासे कोठे जातील हेही आजच लिहून ठेवावे.

त्या लिपिक भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर आता मिळणार नाही. आधीच्या माशांचे काय झाले याची नोंद कोणी केली नाही, कारण नोंद करणे हे कोणाचे काम आहे हेच ठरले नव्हते. त्यात कोणा एकाची दुष्टबुद्धी होती असे आम्हांस वाटत नाही. उपेक्षेला दुष्टबुद्धी लागत नाही. मात्र उद्या हाच प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला, तर उत्तर कचेरीच्या दप्तरात सापडावे, एवढी व्यवस्था करणे आजच्या मंडळींच्या हाती आहे, आणि मासे आणण्यापूर्वी ती त्यांनी करावी अशी आमची त्यांस आग्रहाची सूचना आहे.